अप्पांचा कान

अप्पा कुणाच्याही घरात शिरले की आधी टाळी वाजवायचे. चपला दाराशी काढायच्या, घरातल्या वडीलधाऱ्याला "शरणार्थ" म्हणून हात जोडायचे आणि बैठकीच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी. मग मान तिरकी करून ती पार विरेपर्यंत ऐकत राहायचे. आणखी एक टाळी कोपऱ्यात, एक खिडकीशी. एखादं लेकरू त्यांचं बघून टाळ्या पिटायला लागलं की अप्पा त्याच्याकडं असे बघायचे की ते थेट आईच्या पदराआड. एवढं सगळं झालं की निकाल यायचा, "खोली ओरडायलीय. वाकळा आणा."

नवा स्लॅब, चकचकीत फरशी, भिंतींना महागाचा रंग, आणि हा माणूस त्यावर टांगायला घरातल्या जुन्या गोधड्या मागायचा. घरच्या बायकांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण अप्पांचं म्हणणं एकच, खोलीचा आरडाओरडा थांबल्याशिवाय आत दुसऱ्या कुणी बोलू नये.

सेलूतल्या ज्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी नऊ वर्षं काढली, तिथं अप्पा होम थिएटर लावून द्यायचं काम करायचे. मी त्यांच्या जोडीला. भिंतीला भोकं पाडणं, वायरी पट्टीत दाबून नेणं, स्पीकर टांगणं हे माझं काम. आवाज लावणं त्यांचं. साठी ओलांडलेली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, पांढरा पायजमा आणि सदरा, सदऱ्याच्या खिशात मोजायची टेप. बायको लवकर वारली होती, एकुलती मुलगी लातूरला दिलेली. घरी गेल्यावर ह्या माणसाची वाट बघणारं कुणी नव्हतं. गावोगावची माणसं मात्र म्हणायची, अप्पाचा कान लय तयार हाय. त्या एका वाक्यावर त्यांचं सगळं चाललं होतं, हे तेव्हा मला एवढं स्पष्ट दिसलं नाही. दिसलं असतं तरी मी वेगळा वागलो असतो असं काही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

दुकानात गिऱ्हाईक यायचं ते "सगळ्यात मोठा दाखवा" म्हणतच. अप्पा मोठा सेट दाखवायचेच नाहीत. "खोली केवढी हाय? छत पत्र्याचं का स्लॅबचं? बसता कुठं, खाली का सोफ्यावर?" अशी उलटतपासणी व्हायची. वालूरच्या एका आडत दुकानदाराला त्यांनी तोंडावर सांगितलं, "दहा बाय बाराच्या खोलीत हे धूड ठेवलं तर तुमाला पिक्चर दिसायचा न्हाई शेटजी, ताप भरंल." आणि त्याच्या गळ्यात सगळ्यात लहान सेट मारला. मालक गल्ल्यावर बसून कपाळाला हात लावायचे. पण तोच आडत दुकानदार पुढं आपले तीन पाहुणे घेऊन आला, तेव्हा मालकांनी कपाळावरचा हात काढून अप्पांसाठी चहा मागवला.

लावण्याची तऱ्हा तर सांगून खरी वाटायची नाही. सेटमध्ये पाच लहान स्पीकर असतात आणि एक मोठा डबा, वूफर, ठोक्याचा. हा डबा कुठं ठेवायचा ह्यावर निम्मा आवाज ठरतो. अप्पा तो उचलून घरधनी जिथं बसणार त्या सोफ्यावर ठेवायचे, ढोल वाजायला लावायचे आणि स्वतः हातापायांवर रांगत भिंतीच्या कडेनं खोलीभर फिरायचे. जिथं ठोका गोल ऐकू आला, तिथं खडूनं फुली. मग डबा त्या फुलीवर आणि घरधनी सोफ्यावर. पेडगावला एका घरात अप्पा असे कान जमिनीला लावून रांगत असताना घरातली म्हातारी आतून आली आणि फीट आली समजून कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरला. अप्पांनी तोही शांतपणे हुंगला. "जरा बाजूला व्हा आई," म्हणाले, "तुमी ठोक्याच्या आड यायल्यात."

शेवटची परीक्षा ज्वारीची. त्यांच्याकडं एक पेनड्राइव्ह होता. त्यात गाणी नव्हती. घरी बसून त्यांनी स्वतः एक आवाज भरला होता, मुठीतून स्टीलच्या ताटात हळूहळू सोडलेली ज्वारी. तो लावायचा आणि बारीक आवाजाचं बटण, ज्याला ट्रेबल म्हणतात, ते असं जुळवायचं की पडणारा दाणा न दाणा सुटा ऐकू आला पाहिजे. मी एकदा विचारलं होतं, सगळे गाणं लावून बघतात, तुम्ही हे काय लावता? म्हणाले, "गाणं लावलं की माणूस गाण्याच्या नादी लागतो. ज्वारीच्या नादी कोण लागतंय?"

नव्या सेटांच्या खोक्यात तेव्हा एक छोटा माईक यायला लागला होता. तो खोलीत मधोमध ठेवला की सेट आपला आपण आवाज जुळवून घेतो. अप्पा त्या माईकला हात लावायचे नाहीत. मालकांनी मात्र त्याची माहिती दोनदा वाचून काढलेली मी पाहिली होती.

वालूरलाच एका घरी मला पहिल्यांदा कळलं. ज्वारी लावली होती. अप्पा मान तिरकी करून बटण फिरवत होते. सेटच्या काचेवरचा आकडा एरवी दोनतीनवर थांबायचा, तो पाचवर गेला, सहावर गेला. माझे दात आंबले. ज्वारी कसली, पत्र्यावर गारा पडाव्यात तसं वाजत होतं. घरातल्या लहान पोरीनं दोन्ही कानांवर हात दाबून धरले. आणि अप्पा म्हणाले, "दाणा आजून सुटा व्हईना." आकडा आठवर नेला तेव्हा कुठं त्यांचा चेहरा उजळला. "हां. आता कसं?"

घरचे माझ्याकडं बघायला लागले. मी तिथंच, त्याच क्षणी सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "झकास, अप्पा."

काम झालं की त्या गावच्या महादेवाला जाऊन यायचं हा अप्पांचा शिरस्ता होता. मी तोवर हत्यारं आवरायचो. त्या दिवशी ते देवळाकडं गेल्याबरोबर मी आकडा तीनवर आणला. पोरीनं कानावरचे हात काढले. घरधनी म्हणाला, "आत्ता बरं झालं. म्हाताऱ्याला ऐकू येत न्हाई का काय?" मी म्हणालो, तसं काही नाही, नवीन सेट आहे, गरम झाला की जरा उतरवावा लागतो. इतकी छान थाप मी आयुष्यात दुसरी मारली नसेल.

मग तेच सुरू झालं. ते लावायचे, देवळात जायचे, मी उतरवायचो. एक गाव झालं, दहा झाली. मी स्वतःला सांगायचो की हे त्यांच्यासाठीच चाललंय. मालकांना कळलं तर खोक्यातला माईक बाहेर निघेल आणि अप्पा घरी बसतील. ते खरंच होतं. पण त्याच्याखाली आणखी एक गोष्ट होती आणि ती कबूल करायला मला पुढं बरीच वर्षं लागली. मला त्यात मजा यायची. एवढा नावाजलेला कान, आणि शेवटचा हात माझा. गिऱ्हाईक माझ्याकडं वळून "आता तुमी बगा" म्हणायचं तेव्हा माझी मान आपोआप ताठ व्हायची.

एका सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही समोरच्या लिंबाखाली चहा पीत बसलो होतो. झाडावर चिमण्यांनी नुसता कल्ला लावला होता, बोलायचं तर आवाज चढवावा लागत होता. अप्पा वर फांद्यांकडं बघत म्हणाले, "चिमण्या गेल्या बघ सगळ्या. पहिलं किती असायच्या ह्या झाडावर." त्यांची नजरही अधू होत चालली होती. मी वर बघितलं. म्हणालो, "हो अप्पा, गेल्या."

ते वाक्य मला आजही आठवतं. एवढं खोटं बोलायची कुणी सक्ती केली होती?

अशी दोन वर्षं होत आली आणि चारठाण्याचं काम निघालं. एका बागायतदारानं नवं घर बांधलं होतं, मोठा हॉल, वर स्लॅब. अप्पांनी टाळ्या वाजवल्या, वाकळा टांगल्या, रांगून झालं, ज्वारी झाली, आकडा आठवर गेला. चारठाण्याला जुनी देवळं पुष्कळ, म्हणजे अप्पांना वेळ लागणार. ते बाहेर पडले, मी वाकून बटण फिरवायला लागलो. घरधनी शेजारी उभा राहून सांगत होता, "आजून. आजून जरासं."

मी मान वर केली तर दारात अप्पा. टेप इथंच राहिली होती म्हणून परत आले होते. सेटच्या काचेवर आकडे उतरत होते, सहा, पाच, चार. मोठे निळे आकडे. ते त्यांना दिसले.

कुणी काही बोललं नसतं तरी मी सावरून घेतलं असतं कदाचित. पण घरधनी मोकळ्या मनाचा माणूस. हसत मोठ्यानं म्हणाला, "या अप्पा, काय इसरलं? ह्ये तुमच्या माणसाचं चालू द्या. वालूरच्या आमच्या पाव्हण्यानं पहिलंच सांगून ठेवलंय, अप्पा लावून गेले की दुसरा माणूस कमी करून देतो, तवर कानात बोटं घालून बसा म्हणं."

त्याला वाटत होतं हे ठरलेलंच आहे. कामाची पद्धतच अशी, एकानं लावायचं, एकानं उतरवायचं. त्यात कुणाचा अपमान होतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

अप्पांनी टेप उचलली, खिशात घातली. "चालू द्या," म्हणाले. आणि बाहेर जाऊन मोटारसायकलीपाशी उभे राहिले. देवळात गेले नाहीत. एरवी गाडीवर मागं बसले की माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळा रस्ता बोलत यायचे. त्या दिवशी सेलूपर्यंत त्यांनी मागचं कॅरिअर धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या घरी आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"कवापासून?"

"दोन वर्षं होत आली, अप्पा."

"मालकाला ठावं हाय?"

"न्हाई."

"गिऱ्हाइकांला?"

मी खाली बघत राहिलो.

"म्हंजी सगळ्यांला. मीच तेवढा ऱ्हायलो होतो." मग आवाज न चढवता म्हणाले, "मला बहिरा म्हणला असतास तर मी आठ दिवस रडलो असतो. मंग उठून कायतरी केलं असतं. तू मला बहिरा म्हणला न्हाईस. तू मला येडा केलास."

मी माफी मागितली. माईकचं, मालकांचं सगळं सांगितलं. तुमच्याचसाठी केलं असंही म्हणालो. ते ऐकून त्यांनी माझ्याकडं थकल्या नजरेनं बघितलं आणि दाराकडं वळले.

त्याच दिवशी त्यांनी दुकानात मालकांच्या समोर एका नव्या सेटचं खोकं फोडलं, माईक काढून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "लाव." सेटनं आपला आपण काही आवाज काढले आणि दोनचार मिनिटांत गप्प झाला. अप्पांनी काचेवर बघितलं. बारीक आवाजाचा आकडा तीन. "बरोबर हाय ना?" त्यांनी मालकांना विचारलं. मालक म्हणाले, छान वाजतंय. दुसऱ्या दिवसापासून अप्पा कामावर आले नाहीत.

मुलीनं येऊन त्यांना परभणीला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. दोन्ही कानांतून बारीक आवाज गेलेले. डॉक्टरांनी तिला विचारलं म्हणे, ह्यांचं तर कामच ऐकण्याचं, मग इतके दिवस कळलं कसं नाही? तिनं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती मला दोष देत नव्हती. तिला काही ठाऊकच नव्हतं. मी "हो ना" म्हणून फोन ठेवला.

कानात घालायचं मशीन मुलीनं घेऊन दिलं, पण अप्पांनी ते घातलं नाही. मी भेटायला गेलो तर डबी समोर ठेवून बसलेले. म्हणाले, "ह्यो बी स्पीकरच की. दुसऱ्यानं लावून दिलेला. त्यातून जे ऐकू येईल ते खरंच तसंय, हे मला कोण सांगणार? तू?"



पुढं दीडएक वर्षानं मी सेलूतच घर बांधलं, बरी ऐसपैस बैठक काढली आणि होम थिएटर घेतलं. खरं सांगायचं तर मला त्याची काही हौस नव्हती. दिवसभर तेच ऐकून माझे कान विटलेले असायचे. मला अप्पांना बोलवायचं होतं. मनाशी पक्कं ठरवलं होतं, त्यांचं चुकलं तर चुकलं म्हणायचं, बरोबर असलं तर बरोबर म्हणायचं. एकदा तरी त्यांच्या कामाबद्दल त्यांच्याशी खरं बोलायचं.

आधी नाहीच म्हणाले. "खोक्यात माईक हाय की." मी तीनदा गेलो तेव्हा आले. सकाळची वेळ होती. माझ्या बायकोनं नमस्कार केला, पाणी दिलं. अप्पा बैठकीच्या मधोमध उभे राहिले, दोन्ही हात वर घेतले आणि तसेच खाली सोडले. मग पिशवीतून एक जुनी वही काढली. वर्षानुवर्षं लावलेल्या प्रत्येक खोलीची मापं आणि आकडे त्यांनी त्यात लिहून ठेवले होते, हे मलाही माहीत नव्हतं. टेप लावून त्यांनी माझी बैठक मोजली आणि पानं उलटत बसले. शेवटी एका पानावर बोट ठेवलं. कुठल्याशा गावातली, त्यांचे कान शाबूत असतानाची खोली, सोळा बाय बारा, एक खिडकी, खाली फरशी, माझ्यासारखीच.

त्या पानावरून बघून बघून त्यांनी स्पीकरची उंची धरली, अंतरं धरली, आकडे भरले. ऐकलं काहीच नाही. एखादा माणूस पोथीवरून पूजा करतो तसं एकेक करत गेले. मग ज्वारी लावली.

मी इतकी घरं फिरलो, पण असा आवाज ऐकला नव्हता. दाणा ताटावर पडायचा, उडायचा, पुन्हा पडायचा, आणि हे सगळं वेगवेगळं ऐकू यायचं. आतल्या खोलीतून बायको बाहेर आली आणि ताटाकडं बघावं तसं जमिनीकडं बघायला लागली.

"कसं हाय?" अप्पांनी विचारलं.

"बरोबर लागलंय अप्पा. एकदम बरोबर."

त्यांनी माझ्या बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "खरंच अप्पा, दाणे मोजून घ्यावेत असं वाटायलंय."

अप्पा हसले. दुकानात गिऱ्हाईक उगाच काहीतरी बोललं की हसायचे तसे. "सगळे असंच म्हणायचे."

"अप्पा, पोरांची शप्पथ घेऊन सांगतो."

"शप्पथ कशाला घालायलास लेकरांची?" ते हळू म्हणाले. त्यांनी माझं तोंड निरखून बघितलं, बायकोचं बघितलं. मी काय केलं असतं म्हणजे त्यांचा विश्वास बसला असता? वही त्यांच्या हातात होती, आकडा त्यांच्याच अक्षरात लिहिलेला होता. पण तो बरोबर आहे हे सांगणारा मी होतो.

"मी गेल्यावर तू उतरवणारच, मग मीच उतरवतो," म्हणत ते उठले. सेटपाशी गेले आणि बारीक आवाजाचं बटण त्यांनी स्वतः उलटं फिरवलं. तीनचा दोन झाला, शून्य झाला, शून्याच्याही खाली पाचवर गेला. मी चारठाण्याला वाकून उभा होतो, तसेच वाकून. ज्वारी विझत गेली. दारामागं कुणीतरी पोतं ओढत न्यावं तसा नुसता भोंगळ आवाज उरला.

"आता?" त्यांनी विचारलं. माझ्याकडं न बघता, बटणावर हात तसाच ठेवून.

बायकोनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी तिला खुणेनं थांबवलं.

"आता बरोबर हाय, अप्पा."

तेवढं मात्र त्यांना पटलं.